रेडॉनची सिस्टिम बसवली, तरी हिवाळ्यात आकडा परत चढतो: दोष कुठे शोधायचा?

हीटिंग सुरू झालं की न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या मराठी मंडळींकडून एकाच तऱ्हेची विचारणा यायला लागते. घर घेताना तपासणीत रेडॉन निघाला, म्हणजे जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होऊन घरात शिरणारा, रंग-वास नसलेला किरणोत्सारी वायू. विकणाऱ्याने किंवा आपण पैसे घालून स्लॅबखालची, म्हणजे बेसमेंटच्या काँक्रीट फरशीखालची, हवा ओढून छतावर सोडणारा पाइप आणि फॅन बसवून घेतला. नंतरच्या चाचणीत आकडा २ पिकोक्युरी प्रति लिटरच्या (हवेतला रेडॉन मोजायचं एकक) खाली आला आणि सगळे निर्धास्त झाले. मग दोन-तीन वर्षांनी कुणीतरी डिजिटल मॉनिटर आणून बेसमेंटमध्ये ठेवतं आणि जानेवारीत तो ५, ६, कधी ८ दाखवतो. उन्हाळ्यात पुन्हा ठीक. फॅनचा आवाज तर येतोय, मग बिघडलंय काय?

बहुतेक घरांत कारण दोनांपैकी एक असतं. फॅनची ओढ स्लॅबखाली सगळीकडे पोचत नाही, किंवा मधल्या काळात कुठेतरी भोक पडलंय आणि फॅन मातीतल्या हवेऐवजी बेसमेंटचीच हवा ओढतोय. या दोन्हींत नुसता मोठा फॅन बसवून भागत नाही. तरी सर्रास तेच सुचवलं जातं, कारण ते अर्ध्या तासाचं काम असतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी मोजा, मग खर्च करा.

हा विषय आपल्याला नवा वाटतो यात नवल नाही. दख्खनचा काळा कातळ बेसाल्टचा, त्यात युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने बरंच कमी. शिवाय खिडक्या दिवसभर उघड्या, आणि जमिनीखाली राहायची खोली असणं विरळाच. इथे मात्र पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगपासून न्यू जर्सी ओलांडून न्यू यॉर्क, कनेक्टिकटपर्यंत रेडिंग प्राँग नावाचा जुन्या खडकांचा पट्टा आहे. डिसेंबर १९८४ मध्ये लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणाऱ्या स्टॅन्ली वॉट्रस यांच्या अंगावरच्या किरणोत्साराने तिथला अलार्म वाजायला लागला. तेव्हा केंद्र सुरूही झालं नव्हतं. किरणोत्सार ते घरून घेऊन येत होते. त्यांच्या घरात रेडॉन सुमारे २,७०० पिकोक्युरी प्रति लिटर निघाला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, दुरुस्ती करा असं सांगितलेली पातळी आहे ४. घराबाहेरच्या हवेत असतो सुमारे ०.४.

ईपीएच्या नकाशात सॉमरसेट, मर्सर, हंटरडन, मॉरिस हे न्यू जर्सीतले परगणे सर्वाधिक जोखमीच्या पहिल्या गटात आहेत. आपली कितीतरी कुटुंबं तिथे राहतात. त्यात आपण बेसमेंट तयार करून घेतो, मुलांची खेळायची जागा तिथे, घरून काम करायचं टेबल तिथे, आणि पुण्या-नाशकाहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना जिने नकोत म्हणून त्यांचा पलंगही तिथेच. घरातली सर्वाधिक रेडॉनची जागा आणि सर्वाधिक वेळ बसण्याची जागा एकच होते. ईपीएच्या हिशेबाने आयुष्यभर ४ पिकोक्युरीच्या घरात राहिलेल्या, कधीच धूम्रपान न केलेल्या १,००० माणसांपैकी सुमारे ७ जणांना फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. धूम्रपान करणाऱ्यांत हीच संख्या ६२. एवढ्यासाठी तरी 'फॅन चालू आहे ना, मग झालं' एवढ्यावर थांबू नका.

आधी आकडा खरा आहे का ते बघा

डिजिटल मॉनिटरचा दर तासाचा आकडा बघून घाबरू नका. रेडॉन दिवसात दुप्पट-तिप्पट वर-खाली होतो. वादळाआधी हवेचा दाब उतरला की मातीतला वायू वर सरकतो. पावसाने घराभोवतीची जमीन भिजली किंवा थंडीने गोठली की त्याची बाहेरची वाट बंद होते आणि घराखालची कोरडी जागा तेवढी मोकळी राहते. म्हणून आठवड्याची आणि महिन्याची सरासरी बघा. मॉनिटर जमिनीपासून किमान २० इंच वर, बाहेरच्या दार-खिडकीपासून ३ फूट लांब ठेवा. स्वयंपाकघर, बाथरूम, कपडे धुण्याची जागा टाळा, सम्प पिटच्या, म्हणजे बेसमेंटमधलं पाणी गोळा करून पंपाने बाहेर काढायच्या खड्ड्याच्या, तोंडाशी तर ठेवूच नका.

कोळशाच्या डबीची ४८ तासांची चाचणी करणार असाल तर आदल्या १२ तासांपासून चाचणी संपेपर्यंत सगळी दारं-खिडक्या बंद हव्यात. येण्या-जाण्यापुरतं दार उघडलं तर चालतं. पण खरा निवाडा ९० दिवसांपेक्षा जास्त चालणाऱ्या चाचणीचा, आणि ती थंडीच्या महिन्यांतली असेल तर फारच चांगलं. त्या सरासरीत ४ ओलांडले गेले, तर दोष सिस्टिममध्येच आहे असं धरून चला. २ आणि ४ च्या मध्ये असलात तरी ईपीए विचार करायला सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक १०० बेकरेल प्रति घनमीटर, म्हणजे २.७ पिकोक्युरी, हा त्याहून कडक आहे. मी स्वतः २ च्या वर असलेल्या बेसमेंटमध्ये कुणाला झोपवणार नाही.

नळीतला रंगीत द्रव

पाइपवर यू आकाराची छोटी नळी असते, त्यात लाल किंवा निळा द्रव. हा मॅनोमीटर. दोन्ही बाजूंची पातळी जितकी वेगळी, तितकी पाइपमधली ओढ जास्त. हा रेडॉन मोजत नाही आणि पाइपमधून किती हवा वाहतेय तेही सांगत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तरी पहिला धागा इथेच मिळतो, फक्त सिस्टिम बसवली त्या दिवशीचा आकडा माहीत हवा. चांगला कंत्राटदार तो नळीशेजारी लिहून ठेवतो. नसेल लिहिला, तर आजचा तरी लिहा.

दोन्ही बाजू समान दिसल्या तर फॅन बंद आहे, किंवा पाइपमध्ये खोचलेली बारीक रबरी नळी निसटली आहे. ती नळी आधी बघा. कितीदा तरी फॅनची तक्रार तिथेच मिटते. नंतर ब्रेकर आणि अॅटिकमधला स्विच.

फरक पूर्वीपेक्षा कमी झालाय, पण शून्य नाही? मग बहुधा स्लॅबला किंवा सम्पला नवं भोक पडलंय, नाहीतर फॅन थकलाय. हे फॅन रात्रंदिवस चालतात, त्यामुळे पाच ते दहा वर्षांत बदलावे लागले तर आश्चर्य नाही. खरखर किंवा घरघर ऐकू आली की बेअरिंग गेलंय.

फरक पूर्वीपेक्षा वाढलाय, हे ऐकायला चांगलं वाटतं, पण तसं नसतं. म्हणजे खालून हवा येईनाशी झाली आहे. मॅनोमीटरच्या खालच्या बाजूला पाइप तुंबलाय, किंवा स्लॅबखालची खडी पाण्याने भरली आहे. मुसळधार पावसानंतर ओढ वाढलेली आणि रेडॉनही वाढलेला दिसला, तर सम्प पंप चालतोय का ते आधी तपासा.

ओढ कुठे गळते

मॅनोमीटर ठीक किंवा जरा उतरलेला आणि रेडॉन मात्र चढलेला, या तक्रारीत मी सर्वांत आधी विचारतो की सिस्टिम बसवल्यानंतर बेसमेंटमध्ये काय काम झालं? उत्तर जवळपास ठरलेलं असतं. बाथरूम काढलं, बार केला, होम थिएटर केलं, देवघर हलवलं. बाथरूमसाठी स्लॅब फोडला, ड्रेनचे पाइप टाकले, आणि टब किंवा शॉवरच्या खाली जो चौकोनी खड्डा सोडतात तो तसाच उघडा राहिला. वर टब आला, त्यावर टाइल आली, आता तो कुणाला दिसत नाही. पण फॅनच्या दृष्टीने तो स्लॅबमधला सरळ दरवाजा आहे. स्ट्रॉला मध्येच चीर गेली की तोंडात सरबताऐवजी हवा येते, तसं होतं. फॅन चालतो, वीज जळते, तापवलेली हवा छतावरून बाहेर जाते आणि दूरच्या कोपऱ्यातला रेडॉन तिथेच राहतो.

सम्प पिटचं झाकण हे दुसरं ठिकाण. पंप बदलायला प्लंबर आला, झाकण उघडलं, काम झालं, आणि झाकण परत नुसतं ठेवलं. गॅस्केट दाबून स्क्रू घट्ट केल्याशिवाय आणि पाइप-वायरभोवतीचं रबर बसवल्याशिवाय ते झाकण नावालाच असतं. हात लावून बघा. फॅन चालू असताना कडेने हवा आत खेचली जात असेल तर बोटाला थंड झुळूक लागते. पेटवून विझवलेल्या उदबत्तीचा धूर त्या फटीत शिरताना दिसतो.

तिसरं ठिकाण जुन्या घरांत सापडतं. भिंत आणि स्लॅब यांच्यामध्ये चारी बाजूंनी बोटभर फट सोडलेली असते, भिंतीवरून उतरणारं पाणी खाली जावं म्हणून. तयार बेसमेंटमध्ये ती ड्रायवॉलच्या मागे लपते. ती बंद करायची तर पाण्याची वाट राखून करावी लागते, त्यामुळे हे काम माहीतगारावरच सोपवा. फरशीतल्या ड्रेनचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वायू अडवणारं वळण, सुकला असेल तर तोही बघा. कधीकधी तांब्याभर पाणी ओतण्याइतकाच तो उपाय असतो. आणि उतारावरच्या घरांत घराभोवती पाणी वाहून न्यायला पुरलेल्या पाइपचं (ड्रेन टाइल) दुसरं टोक बागेत उघडं सुटलेलं असतं. तिथून फॅन बाहेरची ताजी हवा ओढत बसतो. त्या टोकाला एकतर्फी झडप लागते.

भेगा बुजवायला पॉलियुरेथेनचा सीलंट वापरा. पण फक्त भेगा बुजवून रेडॉन जात नाही. ईपीए एकट्या सीलिंगची शिफारस करत नाही. घर बसत राहतं, नव्या फटी पडतात. सीलिंग हे फॅनची ओढ वाया जाऊ नये म्हणून करायचं.

ओढ कुठे पोचतच नाही

गळती सापडली नाही, तर शोध स्लॅबखाली न्यायचा. इथे एक मोजमाप असं आहे की त्याशिवाय मोठ्या फॅनचं नावही काढू नये.

हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते आणि अॅटिकच्या फटींतून निघून जाते. तिची जागा भरायला बेसमेंट खालून हवा खेचतं. ही खेच जेमतेम काही पास्कलची (पास्कल हे दाबाचं एकक) असते, पण चोवीस तास असते. फॅनची ओढ स्लॅबखालच्या प्रत्येक कोपऱ्यात या खेचेपेक्षा जास्त असेल, तरच वायूचा प्रवाह खाली राहतो. पाइपमध्ये १ इंच पाण्याइतकी ओढ म्हणजे जवळपास २५० पास्कल. ती खडीतून, मातीतून पसरत दूरच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत १-२ पास्कल उरली, तर मे महिन्यात ती पुरते आणि जानेवारीत हरते. 'उन्हाळ्यात ठीक, हिवाळ्यात जास्त' या तक्रारीचं कोडं बहुतांशी इथे सुटतं.

मोजायचं असं की हवा ओढणाऱ्या (सक्शनच्या) पाइपपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यांत स्लॅबला पाव इंचाचं भोक पाडायचं, त्यात सूक्ष्म दाबमापकाची नळी घालायची आणि फॅन चालू-बंद करून फरक बघायचा. दाबमापक नसेल तर भोकाशी धूर धरायचा. धूर खाली गेला तर ओढ पोचतेय, घुटमळला किंवा वर आला तर नाही. स्लॅबमध्ये गरम पाण्याचे पाइप, विजेची नळी किंवा ताणलेल्या केबल असतील तर स्वतः ड्रिल मारू नका. मापन झालं की भोक बुजवायचं.

एका कोपऱ्यात ओढ शून्य निघाली तर तिथे मध्ये काय आहे ते आठवा. मागच्या बाजूला वाढवलेली खोली, सनरूम किंवा गराजचा स्लॅब असेल, तर जुन्या घराचा पाया भिंतीसारखा मध्ये उभा असतो आणि ओढ त्याच्या पलीकडे जात नाही. फॅन कितीही मोठा असू दे. तिथे दुसरं सक्शन घ्यावं लागतं, आणि तो पाइप बहुधा आहे त्याच फॅनला जोडता येतो.

सगळीकडेच ओढ थोडी-थोडी कमी असेल, तर स्लॅबखाली खडी नसून चिकणमाती आहे. जुन्या घरांत हे नेहमीचं. अशा मातीत हवा वाहत नाही, म्हणून भरपूर हवा ओढणारा फॅन तिथे निरुपयोगी ठरतो. कमी हवा पण जोराची ओढ देणारा वेगळा फॅन लागतो, आणि पाइपखालचा खड्डा दोन-तीन बादल्या माती उपसून मोठा करावा लागतो. खडीच्या घरात याच्या नेमकं उलट. म्हणजे फॅन निवडायचा तो घराच्या क्षेत्रफळावरून नव्हे, खालच्या मातीवरून.

पोकळ ब्लॉकच्या भिंतींचं आणखी निराळं. ब्लॉकच्या आतल्या पोकळ्या पायापासून वरपर्यंत जोडलेल्या असतात आणि रेडॉन त्यातून चढून भिंतीच्या माथ्यावर निघतो. स्लॅब कितीही छान सील केला तरी. आधी माथ्यावरची उघडी तोंडं बंद करायची, तरी भागलं नाही तर भिंतीतून स्वतंत्र सक्शन.

घरच जर उलट ओढत असेल

बेसमेंटमधली फर्नेस परतीची हवा वरच्या मजल्यांवरून घेते. तिच्या डक्टचे सांधे बेसमेंटमध्ये गळत असतील तर ती बेसमेंटची हवाही उपसते आणि तिथला दाब आणखी उतरवते. ड्रायर आणि जोरदार किचन हूड त्यात भर घालतात. डक्टचे सांधे मॅस्टिक नावाच्या लेपाने बंद करणं हा स्वस्त उपाय आहे आणि हीटिंगच्या बिलातही त्याचा फायदा होतो. नवीन खिडक्या, इन्सुलेशन किंवा नवी फर्नेस बसवली की रेडॉन नव्याने मोजायलाच हवा.

इथे एक धोक्याची गोष्ट. रेडॉनचा फॅन खूप मोठा असेल आणि तो गळतीतून बेसमेंटचीच हवा उपसत असेल, तर चिमणीवर चालणाऱ्या गॅसच्या वॉटर हीटरचा किंवा फर्नेसचा धूर उलटा घरात येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो एका रात्रीत जीव घेतो. फॅन बदलला तर ड्राफ्ट, म्हणजे धूर चिमणीतून नीट वर जातोय का ते, तपासल्याशिवाय कंत्राटदाराला जाऊ देऊ नका, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बेसमेंटमध्ये आणि झोपायच्या खोल्यांपाशी असू द्या.

फॅन आणि पाइप चुकीच्या जागी

फॅन बेसमेंटमध्ये किंवा राहत्या खोलीखाली बसवलेला दिसला तर तो हलवून घ्या, यात तडजोड नको. फॅनच्या पुढचा पाइप दाबाखाली असतो. त्याचा एखादा सांधा गळला तर गोळा केलेला सगळा रेडॉन घरात सुटतो. फॅनची जागा अॅटिकमध्ये, ज्याच्या वर खोली नाही अशा गराजमध्ये किंवा घराबाहेर. पाइपचं तोंड छताच्या वर, जमिनीपासून किमान १० फूट उंच, आणि जवळच्या खिडकीपासून १० फूट लांब किंवा तिच्याहून किमान २ फूट वर हवं. काही घरांत पाइप बाहेरच्या भिंतीवर खिडकीच्या उंचीलाच संपवलेला असतो. तिथे वसंतात खिडकी उघडली की आकडा वाढतो, आणि घरच्यांना कळत नाही की ताजी हवा घेऊनही असं का.

पाइपला उतार जमिनीच्या दिशेने हवा, कारण मातीतली दमट हवा थंड होऊन आत पाणी धरते. आडव्या पाइपला मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साठतं. गुळगुळ आवाज आला तर हेच. कडाक्याच्या थंडीत तोंडावर बर्फ धरून पाइप चिंचोळा होतो, विशेषतः बाहेरून नेलेला. तेव्हा मॅनोमीटर उतरतो.

काही नव्या घरांत बांधतानाच पाइप छतापर्यंत नेलेला असतो, पण त्यात फॅन नसतो. ती सिस्टिम नुसत्या ऊबदार हवेच्या चढण्यावर चालते आणि अनेकदा पुरत नाही. मालकाला मात्र वाटतं की सिस्टिम आहे. अॅटिकमध्ये जाऊन बघा. फॅन नसेल तर तो बसवणं हे या लेखातलं सर्वांत सोपं काम. क्रॉल स्पेस, म्हणजे घराखाली रांगत जाण्याएवढी मातीची पोकळी, असेल तर मातीवर जाड प्लॅस्टिक अंथरून, कडा भिंतीला चिकटवून, त्याखालून ओढ घ्यावी लागते; ते प्लॅस्टिक उंदरांनी कुरतडलं किंवा केबलवाल्याने फाडलं की सगळं व्यर्थ. विहिरीचं पाणी असेल तर पाण्यातूनही रेडॉन येतो: पाण्यात १०,००० पिकोक्युरी असतील तर घराच्या हवेत साधारण १ ची भर पडते. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर मात्र संशय घेण्यात वेळ घालवू नका, तो क्वचितच मोठं कारण असतो.

कंत्राटदाराशी बोलताना

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया दोन्हीकडे हे काम करणाऱ्याला राज्याचं प्रमाणपत्र लागतं. ते आधी मागा. मग फोनवरच विचारा: स्लॅबखालची ओढ लांबच्या कोपऱ्यांत मोजणार का? मोजून कागदावर देणार का? 'त्याची गरज नाही, मोठा फॅन टाकतो' असं उत्तर आलं तर दुसऱ्याला फोन करा. मूळ करारात ४ च्या खाली आणण्याची हमी असेल तर ती किती वर्षांची आहे तेही वाचा. पुष्कळदा ती अजून लागू असते आणि आपण विसरलेलो असतो.

दुरुस्तीनंतर निदान २४ तास थांबून, ३० दिवसांच्या आत नवी चाचणी करा, आणि ती काम करणाऱ्याकडून नको, स्वतः किंवा तिसऱ्याकडून. पुढे दर दोन वर्षांनी. उन्हाळ्यात दुरुस्ती झाली असेल तर पहिल्या जानेवारीत एकदा जरूर मोजा.

दुरुस्ती होईपर्यंत बेसमेंटची खिडकी उघडून समाधान मानू नका. उघडी असेपर्यंत आकडा उतरतो, बंद केल्यावर काही तासांत परत येतो, आणि वरच्या मजल्याची खिडकी उघडली तर खालची खेच उलट वाढूही शकते. आई-बाबांचा पलंग मात्र आजच वर हलवा. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावून घेता येतो, आणि तेही जमत नसेल तर दिवाणखान्यात चार महिने सोफा-कम-बेड टाका.